पिशवीतला हात

गाडी धुऊन कोरडी झाली की डाव्या हातात एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायची. किराणा दुकानात पावभर शेंगदाणे ज्यात बांधून देतात, तसली. मग बोनेटवरून हात हलकेच फिरवायचा. डोळ्यांना जी गाडी आरशासारखी दिसते, ती या हाताला रव्यासारखी लागते. नुसता हात फिरवला तर एवढं कळत नाही, मध्ये पिशवी आली की रंगावरचा कण न् कण जाणवतो. असं का होतं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण युक्ती खरी आहे, ज्याला शंका असेल त्याने स्वतःच्या गाडीवर करून पाहावी.

तिरोड्याच्या बाहेर, गोंदियाच्या रस्त्यावर एक वॉशिंग सेंटर होतं. तिथं मी चार वर्षं काम केलं. विजेचा प्लँट सुरू झाला होता आणि गावात मोठ्या गाड्या आल्या होत्या. ठेकेदारांच्या, इंजिनिअर साहेबांच्या, आणि त्यांच्याकडे बघून हौसेनं घेतलेल्या आमच्या लोकांच्या. राइस मिलच्या कोंड्याची राख आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या उडते. त्यात आता जिकडे तिकडे बांधकाम, वेल्डिंग, ग्राइंडर. लोखंडाचा बारीक चुरा पांढऱ्या गाडीवर बसायचा आणि आठ दिवसांत तिथं तांबूस ठिपके यायचे. शाम्पूने ते निघत नसत. घासून काढायला गेलं तर गाडीचा रंगच जायचा.

त्यासाठी क्ले. मालक ती नागपूरहून आणायचे. साबणाच्या वडीएवढा निळसर तुकडा, मळलेल्या कणकेसारखा मऊ. त्याची चपटी टिकली करायची, रंगावर साबणाचं पाणी फवारायचं आणि टिकली सरळ रेषेत, दाब न देता, पुढे-मागे फिरवायची. सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो. मग आवाज कमी होत होत बंद पडतो. म्हणजे रंगावरचा कचरा क्लेमध्ये रुतला. टिकली दुमडायची, स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढच्या वीतभर जागेवर जायचं. क्ले जमिनीवर पडली तर मात्र फेकून द्यायची, कितीही नवी असली तरी. वाळूचा एक कण तिच्यात गेला की सगळ्या दरवाजावर ओरखडे. मालक गोंदियाचे, हिंदी बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "गिरा तो समझो मरा."

उजव्या हातात क्ले आणि मागोमाग पिशवीतला डावा हात, अशी माझी पद्धत होती. डाव्याने "झालं" म्हटलं की उजवा पुढे सरकायचा. त्यातही डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं जेटचा पाइप धरून धरून निबर झालेली. म्हणून मी तपासायचो ते करंगळीने आणि तिच्या शेजारच्या बोटाने. ती दोन बोटं घट्टे न पडलेली, हुशार होती. डोळे मिटून सांगायचो की इथं राख आहे आणि इथं लोखंड. मालक गिऱ्हाइकांना माझा खेळ दाखवायचे, आणि मला तो दाखवायला आवडायचा. खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझं काम एकदम झपाझप होऊ लागलं. ज्या गाडीला आधी तीन तास लागायचे ती दोन तासांत व्हायला लागली. पुढे पुढे त्याहून कमी. क्ले दोनदा फिरवली की डावा हात म्हणायचा, झालं. मालक खूश. मीही घरी येऊन बायकोला ऐकवायचो, आता कसा हात बसला आहे बघ. कौतुक माणसाला पचत नाही म्हणतात. मला तर चांगलं पचत होतं, आणखी वाढलं असतं तरी चाललं असतं.

एकदा चुलीवरचं भाताचं भगोनं मी तसंच, फडक्याशिवाय उतरवलं. बायको ओरडली, "अजी, भाजन ना!" मी हसून म्हणालो, "कामाचे हात आहेत हे. तुझ्यासारखे नाहीत." दुसऱ्या दिवशी डाव्या करंगळीच्या कडेला फोड आला होता. ती कधी भाजली ते मला कळलं नव्हतं, आणि ते कळलं नव्हतं याचंही मला काही वाटलं नाही. त्याच हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट डाग होता. पिंपळाच्या पानाएवढा, कोरडा. बायको म्हणाली होती, "सगळ्या हाताले घाम आला, इथंच काऊन नाही येत?" मी म्हणालो, शिबं आहे. दिवसभर शाम्पूत हात घालणाऱ्याला एखादा डाग पडणारच.

मग एक दिवस ती पांढरी गाडी परत आली.

आदल्या दिवशीच मी ती करून दिली होती. साहेब प्लँटकडचे कोणी होते, शांत माणूस. म्हणाले, "तुम्ही नुसतं पॉलिश फासलंय. खालचा खरखरीतपणा तसाच आहे." माझा स्वभाव तापट. मी त्यांना मालकांच्या समोर म्हणालो, "साहेब, आधी हात धुऊन या, मग लावा." त्यांनी खिशातून एक पिशवी काढली, मालकांच्या हातात दिली. ती युक्ती माझ्याकडूनच शिकले होते. मालकांनी दरवाजावर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पिशवी हिसकावून घेतली, डाव्या हातात घातली, फिरवली. काचेसारखा गुळगुळीत. "बघा!" मी ओरडलो. "याला खरखरीत म्हणता?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात. मालक हळूच म्हणाले, "दुसरा हाथ लगा."

उजव्या हातात पिशवी घातली. दरवाजावर ठेवली. बोटांखाली रवा.

पुन्हा डावा. काच. पुन्हा उजवा. रवा. एकच दरवाजा, एकच पिशवी, आणि माझेच दोन हात दोन गोष्टी सांगत होते. मी ती पिशवी किती वेळा इकडून तिकडे घातली ते आठवत नाही. साहेब आणि मालक दोघंही बघत होते. दुपारचे बारा, भर ऊन.

ती गाडी मी पुन्हा केली. या वेळी तपासणी उजव्या हाताने आणि क्ले डाव्या हातात. क्ले दोनदा निसटली. बोटांत आहे की पडली, हेच कळत नव्हतं. दोन नवे तुकडे फेकावे लागले. मालक रागावले नाहीत, हे आणखी वाईट. म्हणाले, "कोई नस दबी होगी. डॉक्टर को दिखा दे." मी हो म्हणालो. पण मला नसेची भीती वाटत नव्हती. मला आठवला होता आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला राहणारा म्हातारा.

त्याच्या दोन्ही हातांची बोटं आत वळलेली होती. रोगाचं नाव मोहल्ल्यात कोणी मोठ्याने घेत नसे. तो हातपंपावर यायचा तेव्हा लोक त्याला दांड्याला हात लावू द्यायचे नाहीत, कोणीतरी पंप हापसायचं आणि मग गडव्याने वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं. आणि हा मोहल्ला कोणाचा? आमचा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाने असंच वरून पाणी ओतलं, ज्यांनी दीक्षा घेऊन ते सगळं पाठीमागे टाकलं, जे विहारात बसून त्या दिवसांबद्दल आजही दात-ओठ खाऊन बोलतात, त्यांचा. आमच्यापैकी कोणालाही त्यात काही विसंगत वाटलं नाही. मी लहान असताना एका बुद्धपौर्णिमेला आईने मला खिरीची ताटली देऊन त्याच्याकडे पाठवलं. मी ती उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवली आणि पायाने आत सरकवली. तो म्हणाला, "हातानं दे ना रे बाबू." मी पळालो. या गोष्टीची मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, ती त्या पांढऱ्या गाडीच्या दिवसापासून वाटायला लागली.

घरी मी काहीच बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून माणूस गप्प बसत नाही, आत काहीतरी मोजत बसतो. मी बोटं मोजायचो. करंगळी सरळ आहे का, सकाळी होती त्यापेक्षा जरा वाकली का. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने कडा काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच रेषेत हात बसवून पाहिला. बसला, तरी समाधान झालं नाही. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. कामावरून आलो की ती धावत यायची, मी तिला उचलायचं बंद केलं. पाठ दुखते म्हणायचो. माझी ताटली मी धुवायला लागलो, माझा गिलास वेगळा ठेवायला लागलो, बाहेर ओसरीत झोपायला लागलो. मन चिंती ते वैरी न चिंती. मी माझ्या मनात स्वतःला मोहल्ल्याच्या टोकाच्या त्या झोपडीत नेऊन बसवलं होतं, आणि बायको-मुलगी माझ्यासाठी ताटली पायाने सरकवत होत्या.

बायकोने पाच-सहा दिवस पाहिलं. मग एका सकाळी मी ताटली घासत होतो तर ती समोर येऊन उभी राहिली.

"काऊन जी, माझ्या हातचं बाटते का तुमाले?"

मी म्हणालो, तसं काही नाही.

"मंग दुसरी कोनी केली का? तसं असंल तं सांगा. पर हे कायले करून राहिले?"

माझ्या बायकोला गोष्टी गोल फिरवून विचारायची सवय नाही. मी ताटली ठेवली आणि सांगितलं. गाडीचं, पिशवीचं, भगोन्याचं, डागाचं. त्या म्हाताऱ्याचं तिला सांगावं लागलं नाही. तीही आमच्या शेजारच्याच गावची, तिच्याही गावाच्या टोकाला कोणीतरी असणारच. सांगून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलंच नाही. ती किती मागे सरकते ते मला बघायचं नव्हतं. ती सरकली नाही. माझा डावा हात तिने उचलला, फोड पाहिला, डाग पाहिला, आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी म्हणालो.

"अवलक्षन तं झालंच आहे जी. आता हात दाखवा."

तिरोड्यात दाखवायला मी तयार नव्हतो. तिथं प्रत्येक माणसाने माझ्याकडून कधी ना कधी गाडी धुऊन घेतलेली. आम्ही रेल्वेने गोंदियाला गेलो. सरकारी दवाखान्यात त्या खोलीच्या दारावर पाटी होती, आणि पाटीवर ते नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी पाटीखाली बसलो नाही, समोरच्या डोळ्यांच्या विभागात जाऊन बसलो. माझी पाळी आली तेव्हा बायकोला मला बोलवायला यावं लागलं.

आत तपासणारे साहेब वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी हात टेबलावर ठेवायला सांगितला. म्हणाले, "डोळे मिटा. मी पेनाने जिथं टेकवीन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवा." मी डोळे मिटले. अंगठा. दाखवला. मधलं बोट. दाखवलं. मनगट. दाखवलं. मग काहीच नाही. मी वाट पाहिली. पंखा फिरत होता, बायकोच्या बांगड्यांचा आवाज एकदा आला, मग तोही नाही. मला वाटलं साहेब उठून कोणाशी बोलायला गेले असतील.

"उघडा डोळे," ते म्हणाले.

माझ्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर शाईचे निळे ठिपके होते. सात-आठ तरी असतील. इतका वेळ ते टेकवत होते.

त्यांनी कोपराच्या मागची नस दाबून पाहिली, डॉक्टरांना बोलावलं, आणि रोगाचं नाव घेतलं. साध्या आवाजात, सर्दी-खोकल्याचं घ्यावं तसं. सहा महिने औषध. महिन्याचा पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. लघवीला लाल होईल, घाबरायचं नाही. नसेला सूज आहे, त्यासाठी वेगळ्या गोळ्या. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही, मुलीला खुशाल कडेवर घ्या. तरी बायकोला आणि मुलीला एकदा तपासून घेऊ. बायकोला त्यांनी तिथंच तपासलं, मुलीला पुढच्या आठवड्यात. दोघींनाही काही नव्हतं.

"बोटांत परत येईल?" मी विचारलं.

"लवकर आलात. येऊ शकतं," साहेब म्हणाले. "नाहीही येणार. नस वाचली तर बोटं सरळ राहतील. पण दवाई मधे सोडली तर मग मी काही सांगू शकत नाही."

शेवटी म्हणाले, पुढची औषधं तुमच्या गावच्या आशाताई घरी आणून देतील. मी उठून उभाच राहिलो. आशाताई आमच्या मोहल्ल्यातली, मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांत तिचं जाणं-येणं. मी हात जोडले, दर महिन्याला मीच येईन म्हणालो. मालकांना मात्र मी नसच सांगितली. ते काही पूर्ण खोटं नव्हतं.

पहिला महिना वाईट गेला. सुजेच्या गोळ्यांनी भूक लागायची, तोंड फुगलं, पोटात जळायचं. सेंटरवर लोक म्हणायचे, तब्येत सुधारली! मी उजव्या हाताने तपासायचो, उजव्याच हाताने क्ले फिरवायचो, आणि एका गाडीला पाच तास लागायचे. डाव्या हाताचं काम आता डोळ्यांनी करायचं होतं. दवाखान्यातल्या साहेबांनी तसं सांगितलं होतं, रोज हात बघायचा, कुठं कापलं-भाजलं तर कळणार नाही. गिऱ्हाइकांना माझा खेळ दाखवणं मालकांनी बंद केलं होतं. महिना संपला तेव्हा गोंदियाला गेलो. साहेबांनी पुन्हा पेन टेकवला. पुन्हा निळे ठिपके, तितकेच.

घरी येऊन म्हणालो, काही उपयोग नाही याचा.

"महिना तं झाला आहे फक्त," ती म्हणाली. "आपन रोज घरी पाहू ना. साहेबासारखंच. थोडं थोडं येत असंल तं समजंल."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कामावर जायच्या आधी आम्ही ओसरीत बसायला लागलो. मी डोळे मिटून हात मांडीवर ठेवायचा. ती झाडूची काडी करंगळीला किंवा शेजारच्या बोटाला टेकवणार, किंवा टेकवणारच नाही. मी सांगायचं. दहा वेळा. पहिल्या दिवशी ती म्हणत गेली, "चुकलं. चुकलं. चुकलं." दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी दहापैकी एक बरोबर आलं, तेही अंदाजाने, मला माहीत होतं. मी उठलो, गोळ्यांची पट्टी आणली आणि अंगणात भिरकावली. बोटं जाणारच आहेत तर पोट कशाला जाळायचं? मुलगी रडायला लागली. बायकोने पट्टी उचलली, पदराने पुसली, जागेवर ठेवली. त्या दिवशी मी गोळी घेतली नाही.

चौथ्या दिवशी मी बसायला तयार नव्हतो. तिने हात धरून बसवलं. मी वैतागून तोंडाला येईल ते सांगत गेलो. करंगळी. "बराबर." शेजारचं. "चुकलं." काही नाही. "बराबर." दहापैकी चार. मी डोळे उघडले.

"चार?"

"चार. दवाई घ्या आता."

पुढच्या आठवड्यात पाच, सहा. एखाद्या दिवशी पुन्हा चार, आणि त्या दिवशी मी कामावर कोणाशीही धड बोलायचो नाही. मग सात. मला स्वतःला बोटांत काही वेगळं जाणवत नव्हतं, पण मी म्हणायचो, हळूहळू येतं ते असंच येत असेल. गोळ्या मी आता न सांगता घ्यायचो. पोटात जळलं तर जळू दे. दुसऱ्या महिन्यात गोंदियाला गेलो तर साहेब खेड्यात तपासणीला गेलेले, नर्सबाईंनी डोस दिला आणि पाठवलं. मला चुटपुट लागली. मला त्यांना सात सांगायचे होते.

त्या जोरावर मी सेंटरवर एक दिवस, कोणी बघत नाही असं पाहून, डाव्या हातात पिशवी घातली. समोर एक लाल गाडी होती, नुकतीच धुतलेली, क्ले न लावलेली. उजव्याने पाहिलं, भरपूर खरखर. डाव्या करंगळीने पाहिलं. काहीच नाही. काच. मी हात बदलून बदलून पाहिला, त्या पहिल्या दिवसासारखाच. घरी येऊन बायकोला म्हणालो, तुझ्याकडे सात येतात आणि गाडीवर शून्य कसं?

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्यासारखीच घाबरली.

"पिसवी जाड असंल," ती म्हणाली. "घाई कायले करता जी? घरी येऊन राहिलं ना बराबर?"

मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. पिशव्या आता जाड यायला लागल्या आहेत, असं मी मालकांनाही सांगून टाकलं. पण त्या दिवसापासून मी झोपेतून उठलो की आधी बोटं सरळ होतात का ते पाहायचो, मग बाकी सगळं. करंगळी सकाळी जरा आखडलेली असायची. कधी वाटायचं कालच्यापेक्षा जास्त. पेन्सिलीचा तो कागद मी फाडून टाकला होता, नाहीतर रोज मोजला असता.

उन्हाळा लागला. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी सातलाच ऊन चटके देतं, म्हणून आम्ही ओसरीच्या आतल्या भिंतीशी बसायचो. त्या दिवशी मुलगी अजून झोपलेली. मी हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले. माझं लक्षही नव्हतं, त्या दिवशी दोन गाड्या करायच्या होत्या.

"करंगळी," मी म्हणालो.

"बराबर."

"शेजारचं."

"बराबर."

मग करंगळीच्या मुळाशी काहीतरी वळवळलं. वर चढत होतं, हळूहळू, बोटाच्या कडेकडेने. मी हात झटकला. डोळे मिटलेलेच.

"मुंगी आहे वं हातावर. झटक ना."

मी पुन्हा म्हणालो, "अवं, मुंगी चढली, पाह्य ना." तरी काही नाही. मी डोळे उघडले. हातावर मुंगी नव्हती. तिच्या हातात झाडूची काडी होती. पदर तिने तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी घाबरलो. "काय झालं?"

तिने पदर काढला. "आज बराबर सांगतलं जी तुमी."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग माझं डोकं भडकलं. दीड महिना मी रोज इथं बसत होतो. त्या सातांच्या जोरावर मी दिवस काढत होतो.

"आज म्हंजे? मंग इतके दिवस? चार, सहा, सात? तू खोटं सांगून राहिली होती का मले?"

तिने डोळे पुसले आणि माझ्या करंगळीवर पुन्हा काडी टेकवली.

"पर दवाई तं खाल्ली ना तुमी."